‘अंबर’ : एक शब्द, चार अर्थ

औषधाचे नाव, रूप आणि योग या तिन्हींचे ज्ञान ज्याला आहे तोच खरा जाणकार, असा निर्वाळा चरकसंहितेने सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात दिला आहे. नाव आणि रूप तर रानात गुरे-शेळ्या राखणाऱ्यांनाही ठाऊक असते, असेही तेथे म्हटले आहे. वैद्याचे वैशिष्ट्य त्यापुढे, म्हणजे योगाच्या ज्ञानात आहे. परंतु काही द्रव्यांच्या बाबतीत आम्ही पदवीधर वैद्य त्या गुराख्याच्या पायरीपर्यंतही पोहोचलेलो नाही, हे खेदाने नमूद करावेसे वाटते. योग तोंडपाठ, गुणकर्म तोंडपाठ, पण नावाने नेमके काय मागावे आणि हाती आलेले ओळखावे कसे, याचाच पत्ता नाही. अशा द्रव्यांपैकी एकाविषयी येथे लिहीत आहोत. ते द्रव्य म्हणजे ‘अंबर’. या लेखातील पहिली चूक आमची स्वतःची आहे, म्हणून आरंभ तिच्यापासूनच करतो.

एका चिठ्ठीची कथा

काही वर्षांपूर्वी एक शिक्षिका अत्यार्तवाच्या तक्रारीसाठी आमच्याकडे आल्या. सोनोग्राफीत गर्भाशयात लहान गाठ दिसली होती. स्त्रीरोगतज्ज्ञांनी शस्त्रक्रियेचा पर्याय सांगितला होता, पण तातडी नसल्याने तीन महिने औषध घेऊन पाहण्यास त्यांची हरकत नव्हती. हिमोग्लोबिन दर महिन्यास तपासावे असे ठरले. आम्ही अन्य औषधांसमवेत प्रवाळ पिष्टी आणि तृणकान्तमणि पिष्टी द्यायचे योजिले. दवाखान्यात गर्दी होती. चिठ्ठीवर घाईत ‘प्रवाळ पिष्टी + अंबर’ एवढेच लिहिले आणि मात्रा लिहून पुढच्या रुग्णाकडे वळलो.

महिना गेला, फरक नाही. चिकित्सा चुकली की काय, अशी शंका मनात घेऊन आम्ही औषधे पाहायला मागवली. त्यांत गडद तपकिरी काचेची एक सुंदर बाटली होती आणि तीत केवळ फिकट गुलाबी प्रवाळ पिष्टी होती. औषधालयातील मुलाला विचारले, तेव्हा तो निरागसपणे म्हणाला, “डॉक्टर, तुम्ही ‘अंबर’ लिहिलं होतं म्हणून अंबर कलरच्या बाटलीत दिली.” त्याच्या जागी तो बरोबर होता. त्याच्या रोजच्या व्यवहारात ‘अंबर’ म्हणजे बाटलीचा रंग, दुसरे काहीही नाही.

दुसऱ्या महिन्यात आम्ही ‘कहरुबा पिष्टी’ असे स्पष्ट लिहिले. औषध दुसऱ्या दुकानातून आले. या वेळी पुडी आधी उघडून पाहिली. चूर्ण तळहातावर चोळताच ताज्या राळेचा वास आला. काचपट्टीवर चिमूटभर घेऊन वर स्पिरिटचे दोन थेंब टाकले, तर ते बोटाला गोंदासारखे चिकटू लागले. ती पिष्टी खरीच, पण चंद्रसाची. खात्रीचा माल मिळून पिष्टी तयार होईपर्यंत तिसरा महिना सरत आला. हिमोग्लोबिन उतरले होते. त्या भगिनींनी शस्त्रक्रिया करून घेतली, आणि तो निर्णय योग्यच होता. पुढे भेटल्यावर त्यांनी विचारले, “म्हणजे ते औषध मी घेतलंच नव्हतं ना?” आम्ही होकार दिला. औषध हरले की औषधाचे नाव हरले, हे आम्हांला आजही सांगता येत नाही.

गोंधळ आला कोठून?

हा घोटाळा केवळ आमच्या आळसाचा नाही. शब्दाचा प्रवासच तसा आहे. ‘अंबर’ हा मूळ अरबी शब्द, आणि त्याचा अर्थ स्पर्म व्हेल या महाकाय सागरी सस्तन प्राण्याच्या आतड्यात निर्माण होणारा, समुद्रावर तरंगणारा सुगंधी पदार्थ. फारसीमार्गे तो यूनानी वैद्यकासह आपल्याकडे आला. खमीरा गावजबान अंबरीतील अंबर तो हाच. तोच अरबी शब्द युरोपातही गेला. तेथे किनाऱ्यावर सापडणारी पिवळी अश्मीभूत राळही त्याच नावाने ओळखली जाऊ लागली. फ्रेंचांनी एकाला करडा आणि दुसऱ्याला पिवळा अशी विशेषणे लावून भेद केला. इंग्रजीत मात्र विशेषणाविना उरलेले नाव राळेला चिकटले, राळेवरून ते रंगाला मिळाले आणि रंगावरून बाटलीला. इंग्रजी शिक्षणाबरोबर हाच शब्द दुसऱ्यांदा मराठीत आला, तो या नव्या अर्थांसह. एकच पाहुणा दोन दारांनी घरात शिरला आणि दोन्ही वेळा आपण त्याला वेगळा समजलो नाही.

यात भर म्हणजे रसशास्त्राची परिभाषा. संस्कृतात अंबर म्हणजे आकाश, आणि आकाशवाचक शब्द रसग्रंथांत अभ्रकाचे पर्याय म्हणून येतात. गगन, व्योम, तसेच अंबर. अर्थात एकाच शब्दाखाली चार वस्तू उभ्या आहेत : खनिज अभ्रक, व्हेलपासून मिळणारे अंबर, वृक्षज तृणकान्त आणि बाटलीचा तपकिरी-पिवळा रंग. ‘अंबर’ एवढेच लिहिणारा वैद्य यांपैकी काय मागतो आहे, हे औषधालयाने ओळखायचे तरी कसे?

तृणकान्त व अंबर या भिन्न वस्तू आहेत, हे आपल्या पूर्वसूरींना पुरते ठाऊक होते. मुंबईत राहून अध्यापन व ग्रंथसंपादन करणारे वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्य यांच्या सिद्धयोगसंग्रहातील जवाहरमोहरा पाहावा. त्या एकाच योगात कहरुबा आणि अंबर ही दोन्ही द्रव्ये स्वतंत्रपणे येतात. एकाच पाठात दोन्ही सांगणाऱ्याच्या मनात संभ्रम नव्हता. संभ्रम नंतरच्या पिढीचा, म्हणजे आमचा आहे.

नाव गुणावरून पडलेले

कहरुबा या फारसी शब्दाचा अर्थ ‘गवताची काडी ओढून घेणारा’. तृणकान्त, तृणमणि ही आपली नावेही तेच सांगतात. लोकरीवर घासलेला हा मणी काडी-कचरा ओढतो, ही गोष्ट ग्रीकांनीही टिपली होती. ‘इलेक्ट्रिसिटी’ हा शब्द या राळेच्या ग्रीक नावावरूनच पुढे घडला. परंतु या गुणावर परीक्षा म्हणून विसंबू नये. प्लास्टिकचा कंगवाही कागदाचे कपटे ओढतो, आणि प्लास्टिकचा खोटा मणीही काडी ओढतोच.

रंगाचेही तसेच. मधासारखा पिवळा म्हणजे अस्सल, अशी समजूत रूढ आहे. प्रत्यक्षात अस्सल तृणकान्त लोण्यासारखा पांढरट व अपारदर्शक असू शकतो, गडद लालसरही असू शकतो. उलट रंगवलेली काच आणि प्लास्टिक नेमके ‘मधासारखे’ दिसावे असेच बनवतात. जवाहिरी पेठेत गोमेदाशीही याची गल्लत होते, पण गोमेद दगडासारखा जड आणि तृणकान्त हातात घेताच हलका लागतो.

बाटलीच्या रंगाचे काम मात्र खरे आहे. काचेतील लोह आणि गंधक यांच्या संयोगाने येणारा तो तपकिरी रंग अतिनील व निळ्या प्रकाशाचा बराचसा भाग अडवतो, म्हणून प्रकाशाने बिघडणाऱ्या औषधास ती बाटली हवी. परंतु बाटलीचा रंग आतल्या द्रव्याची शाश्वती देत नाही, हे आम्ही वर लिहिलेल्या प्रसंगातून शिकलो.

राळ, पण कोणती?

तृणकान्त म्हणजे प्राचीन वृक्षांची, कोट्यवधी वर्षे भूगर्भात मुरून कठीण झालेली राळ. जगातील सर्वांत प्रसिद्ध माल बाल्टिक समुद्राच्या काठचा. रशियाच्या कॅलिनिनग्राड प्रांतातील यांतार्नी येथे त्याची मोठी उघडी खाण आहे. रशियन भाषेत ‘यांतार’ म्हणजेच तृणकान्त, इतके त्या गावाचे आणि द्रव्याचे नाते घट्ट आहे. या मालात सक्सिनिक आम्ल साधारण ३ ते ८ टक्के असते. १५४६ मध्ये अग्रिकोला या जर्मन विद्वानाने तृणकान्ताचे ऊर्ध्वपातन करून हे आम्ल प्रथम मिळवले. जुन्या पुस्तकांत याचा मूळ वृक्ष म्हणून पायनस सक्सिनिफेरा हे नाव आढळते. तो वृक्ष नेमका कोणत्या कुलाचा, याविषयी संशोधकांत अद्याप एकमत नाही.

आमच्या वाचकांना याहून अधिक जवळची गोष्ट गुजरातेतील आहे. सुरत जिल्ह्यातील वस्तान व तडकेश्वर येथील लिग्नाइटच्या खाणींत सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीची अशीच राळ सापडते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तिच्यात अडकलेल्या शेकडो कीटकांचे वर्णन आले आणि ती डिप्टेरोकार्पेसी कुलातील वृक्षांची असल्याचे दाखवून देण्यात आले. म्हणजे ज्या कुलात आपला शाल येतो, ज्याची राळ आपण सर्जरस म्हणून व्रणावर आणि मलमांत वापरतो, तेच हे कुल. दक्षिणेकडील पांढऱ्या डामराचा वृक्ष, व्हॅटेरिया इंडिका, याच कुलातला. वनस्पतिकोशांत त्याच्या राळेलाही ‘कहरुबा’ हे हिंदी नाव दिलेले आढळते! नावाची फिरवाफिरव किती खोल गेली आहे, हे यावरून ध्यानात यावे.

येथे एक खरा प्रश्न उभा राहतो. गुजरातची ही राळ पुरती घट्ट झालेली नाही. टोल्युइन व क्लोरोफॉर्ममध्ये ती विरघळते, आणि तिची रासायनिक घडण बाल्टिक मालाहून वेगळी आहे. मग तिला तृणकान्त म्हणावे काय? काडी तीही ओढेल. भूगर्भात तीही मुरली आहे. आमचे मत असे की, अनुभवाचा जो संचय पिष्टीच्या गुणांविषयी सांगितला जातो तो ज्या मालावर घेतला गेला, तोच माल तृणकान्त मानावा. अन्य मालास ‘गुर्जर तृणकान्त’ किंवा तत्सम वेगळे नाव देऊन त्याचा अनुभव वेगळा नोंदवावा. दोन्ही एका बरणीत मिसळले, तर पुढील पन्नास वर्षांचे अनुभवही निरर्थक ठरतील.

वापराविषयी थोडक्यात. रक्तपित्त, रक्तप्रदर, रक्तार्श यांत पिष्टीचा उपयोग सांगितला आहे. यूनानी वैद्यकातील कुर्स कहरुबाही रक्तस्तंभनासाठीच आहे. हे द्रव्य उपरत्नांत गणले जात असले तरी ते खनिज नाही. ते जळते. म्हणून त्याला पुटे देऊन भस्म करण्याचा प्रयत्न व्यर्थ होय. गुलाबजलात घोटून पिष्टी हाच मार्ग. कोणी ‘तृणकान्त भस्म’ विकत असेल तर आत काय असावे, याचा विचार सुज्ञांनी करावा.

परदेशस्थ मुले-नातवंडे असलेले रुग्ण हल्ली आणखी एक प्रश्न विचारतात : दात येणाऱ्या बाळाच्या गळ्यात या मण्यांची माळ घालावी काय? अंगाच्या उष्णतेने माळेतून सक्सिनिक आम्ल झिरपते, असा विक्रेत्यांचा दावा असतो. जी राळ शेकडो अंश तापल्याविना वितळत नाही ती बाळाच्या गळ्यात काय पाझरणार? अशा माळेने झोपेत गळा आवळून एका दीड वर्षाच्या बाळाचा मृत्यू झाल्याची नोंद घेऊन अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये पालकांना सावध केले आहे. आमचे उत्तर स्पष्ट आहे : घालू नये.

आणि खरे ‘अंबर’

रसरत्नसमुच्चयातील साधारण रसांत अग्निजार येतो. समुद्राने किनाऱ्यावर टाकलेले, उन्हात वाळलेले, असे त्याचे वर्णन आहे. अनेक विद्वान त्याला व्हेलचे अंबर मानतात. त्याचे गुण काहीही असोत, आज ते आमच्या कपाटात असू शकत नाही. स्पर्म व्हेल वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहे आणि भारतात अंबर जवळ बाळगणे वा विकणे हा गुन्हा आहे. गेल्या काही वर्षांत कोकण किनारपट्टीवर आणि मुंबई-ठाण्यात ‘व्हेल माशाची उलटी’ विकताना पकडल्याच्या बातम्या आपण वाचतोच. आता कल्पना करावी की, आमच्या चिठ्ठीवर ‘अंबर’ आहे आणि औषधालयाच्या विक्रीवहीत ‘अंबर’ आहे. आत कहरुबा असला तरी कागद काय सांगतो? निष्काळजी शब्दाने आपण स्वतःला आणि दुकानदारालाही संशयाच्या जागी उभे करतो. ज्या योगांच्या मूळ पाठात अंबर आहे, ते बनवणाऱ्यांनी अंबर वगळले असेल तर लेबलवर ‘अंबररहित’ असे प्रामाणिकपणे छापावे. कस्तुरीच्या बाबतीत जो प्रामाणिकपणा हवा, तोच येथेही.

आक्षेप आणि उत्तर

काही व्यवसायबंधू म्हणतील, महिन्यातून एखाद्या वेळी लागणाऱ्या द्रव्यासाठी एवढा खटाटोप कशाला? आमचे उत्तर असे की, ज्या रुग्णाला ते दिले जाते त्याच्यासाठी ते महिन्यातून एकदाचे नसते, त्याचे ते एकमेव औषध असते. औषधालय चालवणाऱ्यांचा आक्षेप अधिक वजनदार आहे. अस्सल माल महाग, वैद्य स्वस्त पिष्टी मागतात, आणि चाचणीचा खर्च कोणी देत नाही. हा दोष आम्हां वैद्यांकडे येतो आणि तो आम्ही मान्य करतो. पिष्टीचा भाव विचारताना तिच्या मालाचे मूळ आम्ही कधी विचारले नाही. स्वस्त मागणाऱ्याला बाजार स्वस्तच देतो.

शिवाय सर्व परीक्षा खर्चिक नाहीत. मिठाच्या संपृक्त द्रावणात अस्सल खडा तरंगतो, काच आणि बेकेलाइट बुडतात. चंद्रस आणि काही प्लास्टिके मात्र तरंगतात, म्हणून ही परीक्षा एकटी पुरी नाही. स्पिरिट वा अ‍ॅसिटोनचा थेंब टाकून थोड्या वेळाने बोट लावावे. चंद्रस चिकटतो, बाल्टिक खडा चिकटत नाही. तापवलेली सुई टोचली असता प्लास्टिकचा उग्र दर्प लपत नाही. चंद्रस चटकन वितळतो. अस्सल खड्यातून राळेचा मंद वास येतो, पण सुई सहज शिरत नाही. मोठी खरेदी असेल तर एक नमुना इन्फ्रारेड वर्णपटासाठी प्रयोगशाळेत द्यावा. १२५० ते ११५० या तरंगांकांच्या पट्ट्यात बाल्टिक मालाची खास खूण दिसते. यांतील बहुतेक परीक्षा खड्यावर होतात, चूर्णावर नाही. म्हणूनच तृणकान्त चूर्णरूपात विकत घेऊ नये, हा या लेखातील सर्वांत व्यवहारी सल्ला समजावा.

आमच्या सूचना

१. वैद्यांनी चिठ्ठीवर ‘अंबर’ हा शब्द कोणत्याही अर्थाने लिहू नये. राळेसाठी ‘तृणकान्तमणि (कहरुबा) पिष्टी’, खनिजासाठी ‘अभ्रक भस्म’ आणि बाटलीसाठी ‘तपकिरी काचेची बाटली’ असे पूर्ण लिहावे.

२. औषधालयांनी अस्पष्ट चिठ्ठी आली तर अंदाजाने औषध न देता वैद्यास दूरध्वनी करावा. त्या मुलाने आम्हांला एक फोन केला असता, तर एक महिना वाचला असता. आणि असा फोन आल्यावर आम्ही वैद्यांनीही कपाळाला आठी घालू नये.

३. पिष्टी बनवणाऱ्यांनी खडे घ्यावेत, प्रत्येक खेपेचा एक खडा नमुना म्हणून राखून ठेवावा आणि लेबलवर मालाचे मूळ छापावे. कच्च्या मालाची ओळख पटवणे हे शेड्यूल टी नुसार कर्तव्यच आहे.

४. चंद्रस किंवा डामर वापरला असेल तर तसे नाव द्यावे. सर्जरसाला स्वतःचे गुण आहेत. त्याला दुसऱ्याचे नाव उसने घेण्याची गरज नाही.

५. आपल्या संघटनेने प्रत्येक जिल्हा शाखेत एक नमुनापेटी ठेवावी. तीत बाल्टिक तृणकान्त, गुजरातचा नमुना, चंद्रस, पांढरा डामर, राळ, काच आणि प्लास्टिक असावे. पुढील अधिवेशनात तासभर चर्चासत्रापेक्षा ही पेटी हाती फिरवली तर अधिक शिकणे होईल. पहिली पेटी तयार करण्याचा खर्च उचलण्यास आम्ही तयार आहोत.

आयुर्वेदाच्या औषधाने गुण आला नाही की, टीकाकार शास्त्राला दोष देतात आणि आपण टीकाकारांना. त्या दोघांच्या मध्ये एक पुडी असते, ती उघडून पाहण्याचे कष्ट कोणीच घेत नाही. त्या भगिनींच्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. पुढच्या रुग्णाने तोच प्रश्न विचारला, तर “औषध तेच होते, खात्रीने तेच होते” एवढे तरी म्हणता यावे, इतकीच आमची अपेक्षा आहे. इत्यलम्।